रामनगरची विहीण

वैशाख लागला की आमच्या खिडकीखाली काशीच्या बालाजी घाटावर नव्या जोडप्यांची गर्दी उसळते. लग्न लागलं की गंगेची पूजा करायला यायचं, ही इकडची रीत. पुढे ढोलवाले, मागे पिवळ्या लुगड्यांतल्या तारस्वरात गाणाऱ्या बायका, आणि मधे नवरीच्या पदराशी गाठ मारलेला नवरा, उन्हाने लाल झालेला, आपण कुठे चाललोय हे पार विसरलेला. दगडी पायऱ्या सकाळीच अशा तापतात की जोडपी पूजेला उभी राहतात ती या पायावरून त्या पायावर नाचत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, यांना लग्नाचा आनंद अंगात मावत नाहीये.

यंदा हा सगळा गोंगाट चालू असतानाच टपालवाल्याने मथीचं पत्र आणून दिलं. मथी म्हणजे माझी थोरली, मथुरा. लग्न होऊन नागपूरला असते. तिने लिहिलंय, तिच्या मुलीच्या शाळेत नाटक बसवताहेत. परीचं काम दिलंय एका गोऱ्यापान मुलीला, आणि आमच्या सावळ्या नातीला चेटकिणीचं. मथी चिडली आहे. खाली नातीने वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलंय, ‘आजी, परी नुसती काठी घेऊन उभी राहते. मला खूप ओरडायला आहे.’

पत्र मांडीवर ठेवून मी किती तरी वेळ हसत होते. मग हसू ओसरलं आणि मथी आठ वर्षांची होती तेव्हाचा एक वैशाख आठवला.

तेव्हा आम्ही दुर्गाघाटावर राहत होतो, एका उंच घराच्या तिसऱ्या मजल्यावर. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या सरूवहिनींना मी खिडकीतून मीठ देत असे. आमचे हे पाठशाळेत व्याकरण शिकवायचे. घरी शिकायला येणाऱ्यांत एक विलायती बाई होती. आम्ही तिला बाईसाहेब म्हणत असू. चाळिशीची, उंच, केस तांबडेलाल, आणि तोंडभर बारीक तपकिरी ठिपके, जणू कुणी तिच्यावर मोहरीची फोडणी उडवली होती. तिला हिंदी यायचं नाही, मराठी तर नाहीच. तिला यायचं संस्कृत. काशीत आल्यावर सगळे संस्कृतच बोलत असतील अशा समजुतीने ती बोट चढली होती. दूध घालणाऱ्या अहिराला ती सरळ ‘क्षीरम् आनय’ म्हणायची. तो बिचारा हात जोडून उभा राहायचा, बाईसाहेब पूजा सांगताहेत असं समजून.

तिच्यासाठी ओसरीवर एक वेगळं स्टूल होतं. ती गेली की मी त्या जागेवर गंगाजळ शिंपडत असे. ती गोरी होती, राज्यकर्त्यांच्या जातीची होती, आणि तरी माझ्या ओसरीवर विटाळ होती. तेव्हा यात मला काहीही विचित्र वाटलं नाही, हे आज लिहून ठेवलेलं बरं.

चैत्रात तिचं कुठलंसं प्रकरण शिकून पुरं झालं, तेव्हा गुरुदक्षिणा म्हणून तिने ह्यांना शाल दिली आणि मथीला एक खोका. मथीने खोका उघडला. आत विलायती बाहुली! चिनीमातीचं तोंड, पिवळे कुरळे केस, निळे डोळे, गालांवर गुलाबी रंग, पायांत खरेखुरे चामड्याचे बूट. आडवी केली की डोळे मिटायची.

“आई, देख ना, सो गई!” मथी किंचाळली. आनंद झाला की आमची मुलं मराठी विसरत.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक मेमसाहेब राहायला आली. ह्यांनी तिचं नाव सुकेशिनी ठेवलं. ते कुणीही वापरलं नाही. मथी तिला मेमबाई म्हणायची. चिनीमातीची वस्तू स्वयंपाकघरात चालायची नाही, म्हणून ती दारात बसून आमचं जेवण बघायची, आणि मला उगाच मोठ्याने भुरका मारायची लाज वाटायची.

पंधरा दिवस गल्लीतल्या यच्चयावत मुली आमचा जिना झिजवत होत्या. मग सरूवहिनींच्या चंपीने रीतसर मागणी घातली. चंपीकडे लाकडी राजा होता, लाल पगडीचा, मिशीवाला. अक्षय्यतृतीयेला चैत्रगौरीचं शेवटचं हळदीकुंकू असतं, पन्हं आणि आंब्याची डाळ होणारच असते, त्याच दिवशी लग्न करायचं ठरलं.

सरूवहिनी दुसऱ्याच दिवसापासून वरमाय झाल्या. एरवी खिडकीतून “अगं, जरा चिंच दे” म्हणणारी ही बाई आता खिडकीत येऊन म्हणाली, “आमच्याकडे पहिलंच कार्य आहे हो. पंगत नीट व्हायला हवी. आणि सून मात्र आम्हाला पसंत आहे. असा रंग सबंध ब्रह्माघाट धुंडाळला तरी मिळायचा नाही.”

“मुलीचं गोत्र काय?” मागून त्यांचे यजमान बाबूभाऊजी ओरडले. ते कचेरीत कारकून होते. रकाना रिकामा राहिलेला त्यांना बघवत नसे.

प्रश्न ह्यांच्याकडे आला. ह्यांनी पोथीतून मान वर केली, विचार केला आणि गंभीरपणे सांगितलं, “ज्याचं गोत्र ठाऊक नसतं, त्याला काश्यप द्यावं असं शास्त्र आहे. मुलगी काश्यपगोत्री.”

आणि विलायतेच्या कुठल्याशा कारखान्यात जन्मलेली ती पोर काश्यपगोत्री होऊन आमच्या कोनाड्यात लग्नाची वाट पाहत बसली.

माझ्या माहेरची एक जुनी ठकी होती. ठकी म्हणजे लाकडी बाहुली, हातपाय न सुटलेली, एका ओंडक्यातून कोरलेली. मी लहानपणी तिची शंभर लग्नं लावली होती, मथीनेही वीसेक लावली असतील. तेलाच्या हातांनी हाताळून हाताळून ती काळीभोर झाली होती. एका दुपारी बाहेर लू, म्हणजे इकडचा भाजून काढणारा वारा, सुटली होती, खिडक्यांना ओले वाळ्याचे पडदे लावले होते, आणि मी आत गव्हातले खडे वेचत बसले होते. बाहेर मुलींचा खेळ चालला होता.

“ठकी, पंखा खींचो!” चंपीचा आवाज आला. “मेमबाईला गरम होतंय.”

“अगं, पण ठकी नवरीची मोठी बहीण आहे ना?” कुणी तरी विचारलं.

“हट! काळी आहे ती. काळी मेमबाईची बहीण कशी असेल? ती आया आहे.” आणि हा आवाज होता मथीचा.

मी उठून दारातून बघितलं. मेमबाई पाटावर रेलून बसली होती आणि मथी ठकीला पुढे-मागे हलवून वारा घालत होती. मथीचा हात आणि ठकी यांच्या रंगात फार अंतर नव्हतं.

त्या दिवसापासून मला जिथे तिथे रंग बघायची खोड लागली. कठपुतळ्यांचा खेळ बघितला, तर राणी गुलाबी, नाचणारी गुलाबी, आणि काळा कोण, तर चोर. पेटीत डोळा घालून चित्रं बघायची तो डब्बेवाला गल्लीच्या तोंडाशी आला, तर आत विलायतेची राणी, विलायतेची परी, विलायतेची मडमसुद्धा. आपल्यासारखं माणूस एकच दिसलं, ते हत्तीच्या पायाखाली होतं. मथीच्या वाचनाच्या पुस्तकातली शहाणी मुलगीही फिकट, आणि हट्टी मुलीला छापणाऱ्याने शाई अंमळ जास्त लावलेली. “तुला हल्ली सगळीकडे रंगच दिसतात,” हे म्हणाले. “डोळे दाखवून ये.”

आणि तरी माझी अक्कल पुरती उघडली नव्हती. लग्न चार दिवसांवर आलं. घरच्या कार्याला मुलगी उजळ दिसावी म्हणून मी मथीला न्हाणीत बसवून मसूरडाळीचं उटणं चोळत होते. हे मी दर आठवड्याला करत असे. माझ्या आईने मला केलं होतं. मथी मुकाट्याने बसायची, डोळे मिटून. त्या दिवशी तिने डोळे न उघडताच विचारलं, “आई, किती वेळा घासलं की मी मेमबाईसारखी होईन?”

मी तिच्या दंडावरचं उटणं पुसू लागले.

“नाही होणार,” मी म्हटलं.

“मग घासतेस कशाला?”

मी भराभर दोन तांबे पाणी ओतलं, तिला पुसून काढलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन रामनगरला जाणाऱ्या नावेत बसले. ह्यांना सांगितलं, लग्नाचं सामान आणायचंय. ते खोटं नव्हतं.

नदी आटली होती. पलीकडची वाळू अशी तापली होती की मथीला मी अर्धी वाट कडेवर घेतली. रामनगरला बिसेसर नावाचा एक कारागीर लाकडाची खेळणी कातायचा. तो सांगाड्यावर, म्हणजे कातायच्या यंत्रावर, लाकूड धरायचा आणि त्याची बायको समोर बसून दोरी ओढायची, लाकूड गरगर फिरायचं. त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवली की रंग चढायचा, मग केवड्याच्या पानाने घासला की आरशासारखा चमकायचा. दुकानात ओळीने राजे, राण्या, भिस्ती, शिपाई उभे होते. सगळे पेरूच्या गरासारखे गुलाबी.

“मला बाई हवी आहे, लुगडं नेसलेली,” मी हिंदीत सांगितलं. “पण रंग या मुलीसारखा.”

बिसेसरने मथीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “बहूजी, आदमी का रंग तो गुलाबी होता है.”

“आणि काळा कुणाचा असतो?”

“काला तो राच्छस होता है, भालू होता है,” त्याने आठवून आठवून सांगितलं, “अउर मेमसाहब का छाता.”

बिसेसर स्वतः तव्यासारखा काळा होता. मी विचारलं, “मग तुमचा रंग कोणता?”

त्याने आपले हात उलटेसुलटे करून बघितले. “हम? हम तो गोरे हैं, बहूजी. घाम में जर गए हैं.” म्हणजे मूळचा गोराच, उन्हाने जळलेला.

त्याच्या बायकोने दोरी सोडली. पदर तोंडाला लावून ती इतकी हसली की सांगाडा थांबला. “बियाह के बखत हमसे भी यही कहा गया था!”

मथी हसली. मी हसले. शेवटी बिसेसरलाही हसू आलं आणि तो कामाला लागला. पिवळी, लाल, काळी अशा कांड्या निखाऱ्यावर मऊ करून त्याने एकत्र मळल्या. पहिली बाई निघाली ती वांग्यासारखी. दुसरी विटेसारखी. आता त्याच्यातला कारागीर इरेला पेटला. त्याने मथीला शेजारी बसवली, तिचा हात सांगाड्याजवळ धरायला लावला, आणि चिमूट चिमूट काळा वाढवत, पिवळा वाढवत पुन्हा लाख मळली. तिसऱ्या खेपेला सांगाडा थांबला तेव्हा चिंचेच्या कोळात गूळ विरघळावा तसा रंग लाकडावर चढला होता. त्याने मोठे काळे डोळे काढले, लाल कुंकू लावलं, हिरवं लुगडं रंगवलं, आणि बाई मथीच्या हाताशेजारी धरली.

“अरे!” तो स्वतःशीच म्हणाला. “यह तो आदमी जैसी लग रही है.”

परतीच्या नावेत मथी बाई मांडीवर घेऊन मधूनमधून आपला दंड तिच्याजवळ नेऊन बघत होती. मी मनातल्या मनात सगळं ठरवून टाकलं होतं. आता नवरी ही होणार. मेमबाई करवली. मी स्वतःवर फार खूश होते.

आईने मनात ठरवलेलं मुलीला ऐकू जात असतं, तर आणखी काय हवं होतं?

अक्षय्यतृतीयेला आमची ओसरी भरून गेली. गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या होत्या, पन्ह्याचे पेले फिरत होते, डाळीत कैरी अंमळ आंबटच झाली होती. बाईसाहेब खास निमंत्रणावरून आल्या होत्या आणि स्टुलावर बसून उकाड्याने टोमॅटोसारख्या झाल्या होत्या. सरूवहिनी पैठणी नेसून, नाकात नथ घालून, वरमाईच्या रुबाबात सर्वांत पुढे. बाबूभाऊजीही कचेरीला सुट्टी म्हणून डोकावले होते. आमचे हे अंतरपाट धरून उभे.

“मुलीला आणा,” ह्यांनी पुकारा केला.

मथी आली. तिच्या एका हातात मेमबाई, एका हातात रामनगरची बाई. मी पुढे होऊन म्हटलं, “ही नवी आमची नवरी हो.”

“म्हणजे?” सरूवहिनींची नथ थरथरली. “ठरली होती ती गोरी! ऐन मांडवात मुलगी बदलता? आम्ही पंधरा दिवस सगळ्यांना सांगितलंय!”

“वहिनी, बाहुल्या आहेत…”

“बाहुल्या असल्या म्हणून काय झालं? शब्द तो शब्द. आमच्या राजाला ही अशी नको.”

‘ही अशी’ म्हणताना त्यांनी बोट बाईकडे दाखवलं, पण बाईला धरलेला हात मथीचा होता. मी काही बोलणार तोच मथी शांतपणे म्हणाली, “ही नवरी नाहीच आहे, काकू.”

“मग कोण?” मीच विचारलं.

“ही विहीण आहे. राजाची आई.”

आणि मग कळलं की आदल्या दिवशी जिन्यात बसून या दोन कार्ट्यांनी सगळा सौदा उरकला होता. चंपीला मेमबाई हवी होती. तर मेमबाई कायमची चंपीची, आणि तिच्या बदली राजा कायमचा मथीचा. म्हणजे आता मथी मुलाकडची. चंपी, आणि ओघाने सरूवहिनी, मुलीकडच्या.

“पण नवरी होणं सोडून ही म्हातारी कशाला?” मी तिच्या कानाशी कुजबुजले.

मथी चकित होऊन म्हणाली, “आई, नवरीला नुसतं खाली मान घालून बसायचं असतं. विहिणीला चौरंग मिळतो. तिचे पाय धुतात. आणि तिला रुसता येतं!”

पंधरा दिवस वरमाय होऊन वावरलेल्या सरूवहिनींचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता. पण शब्द तो शब्द, हे त्यांनीच नुकतं सांगितलं होतं.

सगळ्या बायका मात्र बाईसाहेबांकडे बघू लागल्या. त्यांनी दिलेली बाहुली त्यांच्या देखत देऊन टाकली होती. ह्यांनी चाचरत संस्कृतात खुलासा केला. बाईसाहेबांनी हात पुढे करून रामनगरची बाई मागितली. तिचा रंग मथीच्या दंडाशी ताडून पाहिला. मग त्या बराच वेळ बोलल्या. हे क्रियापदाची वाट पाहत थांबले आणि मग आम्हाला मराठीत सांगू लागले.

“बाई म्हणतात, त्यांच्या लहानपणी त्यांच्याकडे सात बाहुल्या होत्या. सगळ्यांचे केस पिवळे आणि गाल गुळगुळीत. बाईंचे केस असे आणि तोंडावर हे ठिपके. त्यांच्यासारखी एकही नव्हती. म्हणून त्यांनी एकदा दौत घेऊन एकीच्या तोंडावर ठिपके काढले, आणि…” ते घुटमळले, “आणि त्यांच्या मातोश्रींनी त्यांना ताडन केलं.”

कुणी हसलं, कुणी चुकचुकलं. मी मात्र त्या ठिपक्यांकडे पहिल्यांदाच नीट बघत होते. इकडे मी माझ्या पोरीला डाळ चोळत होते, तिकडे साता समुद्रांपलीकडे कुणी आई या पोरीच्या तोंडाला लिंबू चोळत असणार. इतकं साम्राज्य मिळवूनही त्या लोकांना आपल्या पोरींच्या तोंडावरचे ठिपके पचले नव्हते तर!

लग्न लागलं. अक्षता पडल्या. मग नवरीने सासूच्या पाया पडायचं होतं. मेमबाईला कमरेत वाकता येईना, म्हणून चंपीने तिला सरळ पालथी घातली. साष्टांग! पिवळे केस रामनगरच्या बाईच्या पायांवर पसरले.

बाबूभाऊजी पांढरेफटक पडले. ह्यांना कोपऱ्यात ओढून म्हणाले, “शास्त्रीबुवा, उठवा तिला! गोरी काळीच्या पायांवर, आणि तेही एका गोऱ्या बाईच्या देखत! हा राजद्रोह होतो हो!”

“अहो, सून आहे ती,” हे म्हणाले. “काश्यपगोत्री आहे.”

“कचेरीत गोत्र विचारत नाहीत!”

पण मेमबाईला कुणी उठवलं नाही, कारण एवढ्यात विहीण रुसली होती. तिला डाळ आंबट लागली होती. मथीने तिचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि जाहीर केलं की समजूत काढल्याशिवाय विहीणबाई पानाला हात लावणार नाहीत आणि त्या जेवल्याशिवाय कुणालाही दुसरा पेला पन्हं मिळणार नाही. चंपीने विनवलं. विहीण वळेना. सरूवहिनींनी नथ सावरत, दात आवळत, “रागावू नका, विहीणबाई, चुकलं आमचं” म्हटलं. तरीही वळेना. उकाडा मरणाचा, पन्ह्याचं भांडं समोर, आणि सगळी ओसरी एका टीचभर लाकडी बाईच्या पाठीकडे बघत बसलेली.

बाईसाहेबांनी ह्यांना विचारलं, काय अडलंय? ह्यांनी सांगितलं. तशा त्या स्टुलावरून उठल्या. ओसरी ओलांडून आल्या आणि चौरंगासमोर चक्क जमिनीवर बसल्या. सोवळ्याओवळ्याच्या बायका पदर सावरून मागे सरकल्या. मी सरकले नाही. बाईसाहेबांनी दोन्ही हात जोडले, मान लववली आणि स्वच्छ उच्चारात म्हणाल्या, “प्रसीदतु भवती. भुज्यताम्.” प्रसन्न व्हा, जेवा.

मथी चौरंगामागे ताठ बसली होती. दंड उघडे, कपाळावर घाम; न घासलेला, न उजळलेला, माझ्या पोरीचा स्वतःचा रंग उन्हाच्या तिरिपीत लखलखत होता. तिने विहिणीला हळूच अर्धी वळवली. विचार केला. आणि म्हणाली, “एक बार और बोलिए.”

बाईसाहेबांनी हात पुन्हा जोडले.